काळजी करणं आणि काळजी घेणं : पुण्यातल्या मुलांच्या चिंतांचा थोडा इतिहास



विषय मुलांचा आणि समोर बसलेले बहुतेक सगळे माझ्या वयाचे. हे आपल्या व्याख्यानांचं जुनं दुखणं आहे. पण मागच्या दोन रांगांत पाच-सहा शाळकरी चेहरे दिसताहेत, त्यामुळे मला जरा जपून बोलावं लागेल.

सुरुवात घरापासून करतो. माझी नात नववीत आहे. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी टेन्शन नव्हतं का हो?" मी खूश झालो. खुर्ची सरसावून म्हणालो, "आमच्या वेळी..." आणि मी दोन वाक्यं पुरी करेपर्यंत तिनं कानात इअरफोन घातले होते. तेव्हा तिचा राग आला. नंतर विचार केला तेव्हा कळलं, की प्रश्न इतिहासाचा होता आणि मी उत्तर उपदेशाचं देत होतो. आज तिला तेव्हा जे उत्तर द्यायला हवं होतं, ते देण्याचा प्रयत्न करतो.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून आधी शब्दाकडे पाहू. मराठीत 'काळजी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. आपण काळजी 'करतो' आणि काळजी 'घेतो'ही. काळजी करणं म्हणजे जिवाला घोर लावून घेणं. काळजी घेणं म्हणजे कुणाला तरी जपणं. शब्द एकच, क्रियापद बदललं की अर्थ पालटतो. माझं म्हणणं थोडक्यात असं : मुलांच्या चिंता प्रत्येक काळात होत्या. काळजी करणारे मोठेही प्रत्येक काळात होते. पण मुलाला काय वाटतंय ते त्याला विचारून, ऐकून, मग काळजी घेणारे मात्र फार थोडे होते. पुण्याचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे स्वच्छ दिसतं.

१८५५ सालापासून सुरू करू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे सर्वांना माहीत आहे. पुढे त्यांनी महार-मांग मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. तिथे शिकणारी मुक्ता साळवे नावाची चौदा वर्षांची मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये छापून आला. शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

या निबंधाकडे आपण सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण आज तो एका मुलीचा निबंध म्हणून वाचा. तिची चिंता कशाची आहे? आपल्या लोकांना धर्मात जागा का नाही, आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा का नसतं, याची. चौदा वर्षांची मुलगी बाळंतिणीच्या डोक्यावरच्या छपराची काळजी करते आहे! याचा अर्थ तिनं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मोठ्यांना वाटत असेल, पोर खेळतंय. पण पोर सगळं पाहत असतं.

यातून मी पहिला निष्कर्ष काढतो. मुलाची चिंता ही मोठ्यांच्या जगाची बातमी असते. बातमी कडू आहे म्हणून बातमीदाराला गप्प करणं हा शहाणपणा नव्हे. मुक्ताची बातमी आपल्यापर्यंत पोचली, कारण तिला लिहायला शिकवणारं कुणी होतं आणि लिहिलेलं छापणारंही कुणी होतं. त्याच वर्षी पुण्यात अशा किती मुक्ता असतील? त्यांच्याबद्दल आपल्याकडे एक ओळही नाही.

आता दुसरं घर. चांगलं सुशिक्षित, प्रतिष्ठित घर. १८७३ साली अकरा वर्षांची एक मुलगी लग्न होऊन पुण्यात येते. नवरा एकतीस वर्षांचा, विद्वान, सुधारक. या रमाबाई रानडे. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचलं नाही. टोमणे, अबोला, टाकून बोलणं हे सगळं त्या मुलीच्या वाट्याला आलं. रमाबाईंनी ते 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकात लिहिलं, पण ते पुस्तक आलं १९१० साली. म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलीची घुसमट कागदावर यायला पस्तीसहून जास्त वर्षं जावी लागली. आजच्या भाषेत आपण त्याला 'बुलिंग' म्हणू. तेव्हा त्याला काही नावच नव्हतं. ज्याला नाव नाही त्याची तक्रार कुणाकडे आणि कशी करायची?

याच पुण्यात हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक' पत्रात एक कादंबरी क्रमशः लिहिली. त्यात यमू नावाची मुलगी आपली कहाणी स्वतः सांगते. बालपण, लग्न, सासर, वैधव्य. कादंबरीचं नाव 'पण लक्षांत कोण घेतो!' आपण हे नाव इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्यातला प्रश्न आपल्याला ऐकूच येत नाही. हरिभाऊंचं मोठेपण असं, की त्यांनी मुलीच्या दुःखावर भाषण केलं नाही. तिला बोलायला दिलं.

आणि त्याच वेळी पुण्यात काय चाललं होतं? संमतिवयाचा वाद. १८९१ च्या कायद्यानं मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं. सभा झाल्या, अग्रलेख झाले, शास्त्रार्थ झाले. टिळक एका बाजूला, आगरकर आणि रानडे दुसऱ्या बाजूला. वाद मोठा होता, तत्त्वाचा होता, मी तो हलका करत नाही. पण ज्या वयाच्या मुलींबद्दल हा वाद, त्या मुलींचा आवाज त्यात शोधावा लागतो. काळजी सगळे करत होते.

हे झालं जुनं, असं म्हणून कुणी सुटका करून घेऊ नये. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचांतली एक. यमू कादंबरीतून बाहेर पडून अजून हिंडते आहे.

आता मुलांकडे, म्हणजे परीक्षेकडे वळू. कारण पुण्यात मुलांच्या चिंतेचं दुसरं नाव परीक्षा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची एक हकीकत आहे, त्यांनी ती आत्मचरित्रात सांगितली आहे. साल १८७५. मुरूडचा हा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेला बसणार होता आणि केंद्र होतं साताऱ्याला. पावसाळ्याचे दिवस. ही मुलं शंभर मैलांहून जास्त वाट, सह्याद्री चढून, चार दिवसांत पायी तुडवत साताऱ्याला पोचली. परीक्षेला वयाची अट सतरा वर्षांची. धोंडोपंतांचं वय बसत होतं, पण चण लहान. समितीच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून परत पाठवलं. झालं! परीक्षा नाहीच.

कल्पना करा, आज एखादा मुलगा नीटच्या केंद्रावर दोन मिनिटं उशिरा पोचतो आणि फाटक बंद होतं. तसंच हे. अपमान, निराशा, थकवा सगळं आलं. मग पुढे काय झालं? पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरहून ती परीक्षा दिली आणि पास झाले. मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस. तेविसाव्या वर्षी मॅट्रिक! आज आपल्या सोसायटीत असा मुलगा असता तर आपण काय म्हटलं असतं, ते मनातल्या मनात म्हणून पाहा. हेच गृहस्थ पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले, १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. त्या काळात, निदान काही मुलांसाठी, आयुष्यात उशिराला जागा होती. एक वर्ष गेलं म्हणजे आयुष्य गेलं, असा हिशेब अजून पक्का झाला नव्हता. अर्थात ही जागा मुलग्यांना होती, त्यातही काही जातींच्या मुलग्यांना. मुक्ताला आणि यमूला ती नव्हती. इतिहास सांगताना हे विसरलं की त्याची लगेच 'आमच्या वेळी' होते.

काळजी घेणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे, बारीक असली तरी आहे. अनुताई वाघांचंच पाहा. जन्म १९१०, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांच्या कामात सामील झाल्या. ताराबाईंचा आग्रह असा, की भीतीनं मूल शिकत नाही, गप्प बसतं. आणि गप्प बसणं म्हणजे शिस्त नव्हे. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच पाड्यावर, अंगणात न्यायची. त्यातून अंगणवाडी आली. ज्या मुलीचं बालपण सहा महिन्यांत संपवलं गेलं, तिनं दुसऱ्यांच्या बालपणासाठी सारं आयुष्य दिलं. मला विचाराल तर काळजी 'करण्या'चं काळजी 'घेण्या'त रूपांतर होतं ते हे असं.

आता माझ्या पिढीवर येतो. मी १९६७ साली एसएससी झालो, तेव्हा ती अकरावीला असे. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहत होतो. निकालाचे नंबर वर्तमानपत्रात छापून येत. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला माझा मित्र. त्याचा नंबर त्या कागदावर नव्हता. सकाळी आठ वाजता सबंध वाड्याला कळलं. त्याच्या वडिलांनी आवाज चढवला, एक थोबाडीतही दिली. त्याच्या आजीनं मात्र त्याला हाक मारली आणि सांगितलं, "चक्कीवरनं दळण आण." बस. तो डबा घेऊन गेला. संध्याकाळी आम्ही मुलं कट्ट्यावर बसलो, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ऑक्टोबरला बस." तो बसला आणि सुटला.

'ऑक्टोबर' हा आमच्या काळी महिना नव्हता, संस्था होती! थट्टा व्हायची, ऑक्टोबरच्या वाऱ्या करणाऱ्यांना टोपणनावं पडायची. पण दार उघडं असायचं.

मी वाड्याचं गुणगान गाणार नाही. वाड्यात मुलांना मार बसे आणि वर सांगितलं जाई, तुझ्या भल्यासाठीच. शाळेत छडी होती. हुशार मुलाची सावली शेजारच्या मुलावर दिवसभर पडलेली असे. मुलींच्या शिक्षणाचा विचार 'स्थळ येईपर्यंत' असा असे. आणि मन दुखतं म्हणून कुणाकडे जावं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर कायद्यानं बंदी यायला २००९ चा शिक्षण हक्क कायदा उजाडावा लागला. तेव्हा आजचा काळ वाईट आणि कालचा चांगला, असं मला म्हणायचं नाही. दोन गोष्टी मात्र त्या वाड्यात होत्या : दळण आणायला सांगणारी आजी आणि ऑक्टोबर.

मग बदललं काय? १९७५ साली नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली. एकाच्या जागी दोन दारं झाली, दहावी आणि बारावी. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. जागा वाढल्या. जागा वाढल्यावर चिंता कमी व्हायला हवी होती, नाही का? झालं उलटंच. पूर्वी ज्या घरांना ती वाट आपली वाटतच नव्हती, त्यांनाही ती दिसू लागली. ही चांगलीच गोष्ट. पण कर्ज काढून, शेत विकून त्या वाटेवर पाठवलेल्या मुलाच्या पाठीवर सबंध घर बसलेलं असतं. गुणवत्ता यादी आली, पेढा भरवणारे आईवडील फोटोत आले, क्लासच्या जाहिराती चौकात लागल्या. बोर्डानं पुढे गुणवत्ता यादी बंद केली, आता जाहिरातींचे फलक यादीचं काम करतात.

निकालही बदलला. आता तो दुपारी मोबाईलवर येतो. मुलगा किंवा मुलगी एकटीच, दार लावून, एवढ्याशा पडद्याकडे पाहत असते. आमच्या मित्राचा अपमान चारचौघांत झाला, पण चारचौघं तिथे होती. आज निकाल पाहताना मूल एकटं असतं, आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या स्टेटसवर दुसऱ्यांचे टक्के झळकतात. तुलना पूर्वी शाळेच्या घंटेबरोबर सुटायची. आता ती उशाशी झोपते. सगळा दोष मोबाईलला देऊ नका. कोविडमध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा याच मोबाईलनं मित्र टिकवले. शिवाय ज्या घरात मोबाईल एकच होता, तिथल्या मुलांची चिंता वेगळीच होती.

थोडे आकडे सांगतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांच्या वर्गात चार तरी. २०२२ साली देशात तेरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. यामागे एकच कारण कधी नसतं, परीक्षा हे तर एकमेव कारण मुळीच नाही. पण आपण मान खाली घालावी असाच हा आकडा आहे.

मला सर्वांत बोचला तो आणखी एक आकडा. युनिसेफनं २०२१ साली एकवीस देशांतल्या तरुणांना विचारलं, की मन ठीक नसेल तर दुसऱ्याची मदत घेणं चांगलं का? सरासरी ८३ टक्के तरुण हो म्हणाले. भारतात हो म्हणणारे फक्त ४१ टक्के. म्हणजे आपल्या निम्म्याहून जास्त मुलांचं मत असं, की आपलं आपण निस्तरावं. हे त्यांना कुणी शिकवलं? आपणच. 'काही होत नाही', 'मन घट्ट कर', 'इतरांचं बघ' हे सांगून सांगून.

मी यातून बाहेर नाही. सत्तेचाळीस मिनिटांचा तास घेऊन खोलीत आलो होतो. १९८५-८६ ची गोष्ट असेल. एक विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, परीक्षेला या वर्षी नाही बसलं तर चालेल का?" मी वर न पाहता म्हणालो, "अभ्यास कर, होईल सगळं." तो "हो सर" म्हणाला आणि गेला. कॉलेजातूनच गेला. पंधरा-सोळा वर्षांनी लक्ष्मी रस्त्यावर भेटला. धंदा बरा चालला होता, वाकून नमस्कार केला. मी विचारलं, तेव्हा काय झालं होतं रे? तो म्हणाला, "काही नाही सर. वडिलांची नोकरी गेली होती. घरी काय सांगू, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं." मी त्या वर्षी वर्गात नीतिशास्त्र शिकवत होतो, श्रोतेहो! 'दुसऱ्याला साध्य माना, साधन नव्हे' हा कांटचा विचार फळ्यावर लिहून आलो होतो.

मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. झोप उडणं, जेवण तुटणं, मूल आपल्यातच मिटत जाणं, जगणं नको असं बोलणं, यांतलं काही दिसलं तर तज्ज्ञाकडे जायला एक दिवसही दवडू नका. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. मागच्या रांगेतल्या मंडळींनी हे दोन्ही नंबर आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवावेत. स्वतःसाठी नसेल, तर मैत्रिणीसाठी, मित्रासाठी.

घरात काय करायचं, ते मात्र इतिहास सांगतो. मुक्ताला लिहू देणारे होते तसं, मुलाला बोलू द्या आणि वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. कर्व्यांना मिळालं तसं एक वर्ष द्यावं लागलं तर द्या. शिक्षक असाल तर दारात उभ्या असलेल्या मुलाकडे वर पाहा. आणि घरात निकाल लागेल त्या दिवशी, टक्के काहीही असोत, दळण आणायला सांगा. म्हणजे तू या घरातला आहेस, तुझ्यावाचून आमचं काम अडतं, हे त्याला कळू द्या. आजीला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

नातीला मी परवा पुन्हा विचारलं, "तुला टेन्शन कशाचं आहे गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही मधे बोलणार नसाल तर सांगते." पाऊण तास ती बोलली. काय बोलली ते इथे सांगणार नाही, तसं कबूल केलं आहे.

आता प्रश्नोत्तरं घेऊ. नेहमी पहिल्या रांगेतून सुरुवात होते. आज माइक मागे जाऊ द्या, पहिला प्रश्न सभागृहातल्या सर्वांत लहान श्रोत्यानं विचारावा. आम्ही मधे बोलणार नाही.